तुरीचं सेटिंग आणि माझा ‘ओके’

“ताईले द्या फोन!” डाळ मिलचा फोरमन ओरडला. मागे यंत्रांचा खडखडाट होता.

“मला सांगा ना, काय झालं?”

“तुमले नही नाना, ताईले द्या. बठ्ठी दाय फुटी गयी!”

सगळी डाळ फुटत होती, तरी त्याला माझ्याशी बोलायचं नव्हतं. मी फोन संगीताकडे सरकवला. मला आधी झोंबलं ते हे, डाळ नव्हे.

जळगावात पिंप्राळ्याला आमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. मी तिथला सगळ्यात जुना प्रोग्रामर. या मिलचं पहिलं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. संगीता धुळ्याची, माझ्या मुलीच्या वयाची. फोरमनही धुळ्याकडचाच निघाला. दोघं फोनवर अहिराणीत बोलत, हसत. मी जळगाव शहरात वाढलेला, माझी अहिराणी तोडकी. एरवी मी अहिराणीत काही विचारलं, की फोरमन शुद्ध मराठीत उत्तर द्यायचा. हळूहळू मिलचे सगळे फोन तिला जाऊ लागले. मग मिलचं नवं कामही आमचे मालक नितीनभाऊ यांनी तिलाच दिलं. माझ्याकडे राहिला फक्त रिव्ह्यू. रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचायचा, आणि चूक नसेल तर ‘ओके’ द्यायचा.

काम काय होतं ते सांगतो. मिलमध्ये तूर, हरभरा, मूग, उडीद, प्रत्येकाचं सेटिंग वेगळं. किती वाळवायचं, रोलरमध्ये फट किती ठेवायची, वगैरे. यंत्रं ते सॉफ्टवेअरमधूनच घेत. पायथन या भाषेत अशी माहिती ‘डिक्शनरी’त ठेवतात. फळीवर डबे मांडलेत आणि प्रत्येकावर नावाची चिठ्ठी आहे, असं समजा. चिठ्ठीला ‘की’ म्हणतात, आतल्या मालाला ‘व्हॅल्यू’.

मिलची एक पद्धत होती. नवा माल आला की आधी छोट्या यंत्रावर थोडा भरडून बघायचा. फोरमन सेटिंग कमीजास्त करी, दाणा दाताखाली धरून बघे, आणि मनासारखं जमलं की मगच मोठ्या यंत्रांच्या लाइनला हात लावी. संगीताने छोट्या यंत्रासाठी त्या डिक्शनरीतून हवा तेवढाच भाग काढून घेणारा कोड लिहिला. फार सुटसुटीत होता. मला तसा जमला नसता, हेही टोचलं.

पण त्यात एक खोट होती. असा भाग काढला की फळी नवी होते, चिठ्ठ्या नव्या लागतात, डबे मात्र तेच जुने राहतात. नव्या फळीवरची ‘तूर’ उघडून आत काही बदललं, तर जुन्या फळीवरची तूरही बदलते, कारण डबा एकच. आतल्या मालाची वेगळी कॉपी करून घ्यावी लागते. ते तिच्याकडून राहिलं होतं.

मला ते दिसलं. मी ‘ओके’ दिला.

मिलचं नुकसान व्हावं असं मनात नव्हतं. नितीनभाऊंपुढे डेमो होणार होता. तिथे ती अडखळेल, मग मी शांतपणे चूक दाखवीन, एवढंच चित्र मी रंगवलं होतं. पण मिलच्या शेठना घाई झाली. डेमो राहिला आणि सॉफ्टवेअर थेट मिलमध्ये गेलं. फोरमनने छोट्या यंत्रावर रोलरची फट कमी केली, तशी मोठ्या लाइनचीही कमी झाली. तुरीची चुणी होऊन खाली पडू लागली. चुणी म्हणजे जनावरांना घालतात तो चुरा.

संगीताने फोनवरच मोठी लाइन बंद करायला लावली. दुपारी शेठ स्वतः ऑफिसात आले.

“या ताईंना माझ्या कामावरून काढा,” ते नितीनभाऊंना म्हणाले. “नाहीतर मी दुसरं ऑफिस बघतो.”

“चूक माझीच आहे शेठ,” संगीता म्हणाली. “आतली कॉपी घ्यायची राहिली.”

नितीनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “रिव्ह्यू नानांचा होता ना?”

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “नानांना काही बोलू नका भाऊ. घाई मीच केली. आणि या वयात इतकं बारीक कुठे दिसणार त्यांना?”

ती मला वाचवत होती. आवाजात माया होती, आणि तीच मला सहन झाली नाही. तिची चूक मला कळलीच नाही, असं हे तिघं समजणार?

“मला दिसलं होतं,” मी म्हणालो. “वाचतानाच दिसलं. मुद्दाम बोललो नाही.”

मग शेठ हसले. “बघा नितीनभाऊ, पोरीला वाचवायला म्हातारा स्वतःवर घेतोय.”

“खरंच सांगतोय मी.”

“राहू द्या नाना,” नितीनभाऊ म्हणाले. “तुम्ही असं कराल होय?”

शेठचा राग तिथेच उतरला. अशी माणसं असतील तर ताईच काम करू देत, म्हणाले. संध्याकाळपर्यंत संगीताने कोड दुरुस्त केला आणि मोठी लाइन पुन्हा सुरू झाली. काम तिच्याकडे राहिलं. मोठ्या मनाचा मात्र मी ठरलो. पुढे माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तिने हाच किस्सा सांगितला. टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो. आता ती त्या ऑफिसची प्रमुख आहे, आणि नव्या मुलांना माझं उदाहरण देते.

म्हणून हे लिहिण्याआधी तिला फोन केला. सगळं सांगितलं. त्या दिवशी मी बोललो ते खरं होतं, आणि तेही चांगुलपणाने नव्हे, हेही सांगितलं.

ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला खरंच दिसलं होतं?”

“हो.”

“लगेच?”

“पहिल्यांदा वाचतानाच.”

“माय वं! मला तर डाळ फुटल्यावरही शोधायला किती वेळ लागला.” मग म्हणाली, “आता पोरांना काय सांगू मी, नाना?”

तिने ‘लगेच?’ विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. या वयातही, माफी मागताना.

तेव्हा त्या पोरांना मीच सांगतो. डिक्शनरीतून भाग काढलात, तर आतल्या मालाची कॉपी करा. आणि कोड तपासायला अशा माणसाकडे द्या, ज्याला तुमच्या खुर्चीत बसायचं नाही.