बुडातून फोडलेला खोका

"चाचा, जोडी सांगितली होती, जोडी. अन् तुमी एकच देल्ली?" मामा दुकानाच्या पायरीवरूनच ओरडला. माझा मामा ओरडला की धाड गावच्या बाजारातली जनावरं खुंटं उपटून आपापल्या घराकडे निघतात. इथं तर बुलढाण्याच्या स्टँडसमोरचं बोटभर कॉम्प्युटरचं दुकान. रांगेत मांडलेले माऊस शेपट्या आखडून मागे सरकले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

लबाडी दुकानदार चाचांचीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्याच दुपारी गेमचा सामना होता, आमचं गाव विरुद्ध मोताळा. माझा कॉम्प्युटर असा संथ, की मला गोळी लागल्याचं मला चहा पिऊन झाल्यावर कळायचं. कप्तानानं बजावलं होतं, या खेपेला अडकलास तर तुझ्या जागी दुसरा बसेल. म्हणून कापूस विकल्याबरोबर नवा राउटर आणि रॅमच्या दोन पट्ट्या घ्यायचं ठरलं. त्या पट्ट्या जोडीनं लावायच्या असतात. एकच लावली म्हणजे वखराला एक बैल.

मी चाचांना फोनवर सगळं सांगून ठेवलं आणि बाबा बुलढाण्याला जाऊन माल घेऊन आले. मी तेव्हा हरभऱ्याला पाणी देत होतो. घरी आलो तर बाबा जळगाव जामोदला बहिणीकडे निघून गेलेले, आणि खाटेवर दोन खोके, दोन्ही बुडातून फोडलेले.

यात मला काही वावगं दिसलं नाही. एका साली आमचं बीटी बियाणं बोगस निघालं. झाडं अशी वाढली की वर चढून सातपुडा दिसावा, पण बोंड औषधालाही नाही. बाबा तक्रार द्यायला गेले तर साहेबानं पिशवीवरचं लेबल आणि नमुन्याचं बियाणं मागितलं. पिशवी आईनं चुलीत घातलेली. तेव्हापासून लेबल शाबूत राहावं म्हणून आमच्या घरी सगळं बुडातून फोडतात. बियाणं, खत, बिस्किटं. टूथपेस्टसुद्धा.

पण रॅमच्या खोक्यात दोन खाचा होत्या आणि पट्टी एकच. रात्रभर राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मला वाटलं, हाही चाचांना सामील आहे आणि मला डोळा मारून राह्यला. सकाळ होताच मामाला घेऊन दुकान गाठलं.

आता चाचांनी चहा मागवला, तेव्हा संशय पक्का झाला. एवढ्या शिव्या खाऊन चोराशिवाय चहा कोण पाजतो? मामानं कप हुंगला, बाजूला ठेवला, मग पट्टी उजेडात धरून सरकीसारखी दाताखाली घालायला निघाला. चाचांनी ती हळूच काढून घेतली.

"सील तुमच्या दाजीनं फोडलं, मी नाही. त्याहिलेच इचारू," ते म्हणाले, आणि फोन लावून स्पीकर चालू केला.

"हाव, एक मीनंच काढून ठेवली," पलीकडून बाबा म्हणाले. "नमुना नको का? लावलेली बोगस निघाली तं तक्रारीत काय दाखवता?"

मामानं बाजूला ठेवलेला चहा एका घोटात संपवला आणि दुसरा मागितला.

नमुना लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बाबांच्या करदोट्याला, आणि करदोटा जळगाव जामोदला. दुपारी मी एका पट्टीवरच खेळलो. मोताळेकरांनी मला इतकं मारलं की शेवटी त्यांनाच माझी कीव आली. सामना अर्ध्यावर असताना कप्तानानं मला उठवून दुसऱ्याला घेतलं. पुढच्या सामन्यात जागा परत मिळायची तर आता त्या पेटीतल्या पट्टीचाच आधार होता.

संध्याकाळी बाबा एसटीतून उतरले. मी धावत जाऊन त्यांची पिशवी घेतली, घरी आणून पाणी दिलं आणि लाडीगोडीनं सांगितलं, की पहिली पट्टी अस्सल आहे, मी स्वतः लावून पाहिली, आता दुसरी देऊन टाका.

बाबांनी लांबूनच कॉम्प्युटरकडे पाहिलं, बांधावरून पिकाचा अंदाज घ्यावा तसं.

"हंगाम निघू दे," ते म्हणाले.