आमचे हाफबॅक दाजी

आमच्या दाजींइतका जमिनीकडे बघत चालणारा माणूस उभ्या बेंगळुरात दुसरा झाला नसेल. लोकांना वाटायचं, माणूस विनयशील आहे. खरं कारण एवढंच, की लाथ मारण्याजोगं रस्त्यावरचं काही नजरेतून सुटू नये. देवळापाशी पडलेली करवंटी, रिकामी आगपेटी, झाडावरून पडलेला पेरू, दाजींच्या पायाला सगळं सारखंच. चिकपेटेत एकदा हातगाडीवरून मोसंबं घरंगळलं, ते त्यांनी चवड्यावर झेललं, गुडघ्यावर घेतलं आणि गाडीवरच्या ढिगात पुन्हा नेऊन बसवलं. गाडीवाल्यानं तेच मोसंबं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "अण्णा, हे आता तुम्हीच खा."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मा. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहिल्यामुळे आमच्या घरात भाषा मराठी आणि हाका कानडी असा कारभार होता. दाजी अक्काला बघायला आले तेव्हा ताटातलं एक लिंबू घरंगळून खाली पडलं. दाजी वडिलांशी बोलत होते. बोलता बोलता, खाली न बघता, त्यांनी ते लिंबू पायानं अडवलं आणि वडिलांच्या पायापाशी अलगद सरकवलं. पाहुणे गेल्यावर वडील म्हणाले, "मुलगा शांत आहे, पण पाय शांत नाहीत." तरीही लग्न झालं, कारण अक्काला तो मुलगा आवडला होता.

दाजी कारखान्यात नोकरीला होते आणि कारखान्याच्या संघातून फुटबॉल खेळायचे. जागा हाफबॅकची, म्हणजे मैदानाच्या मधली. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. गोल मारणाऱ्याचं नाव पेपरात येई, दाजींचं कधीच नाही. "म्हणजे पोस्टमनच म्हणायचे की तुम्ही," असं वडील एकदा म्हणाले, तेव्हा दाजींनी मनापासून मान डोलावली. खेळाचा हा व्यूह त्यांना जेवतानाही सुटायचा नाही. केळीच्या पानावर चटणी गोलकीपर, पापड बचावाला आणि कोसंबरी उजव्या बगलेला. कोसंबरी म्हणजे भिजल्या डाळीची कोशिंबीर. अक्कानं सगळ्यांत आधी कोसंबरी खायचा आग्रह केला, की ते गंभीरपणे सांगत, "ती आत्ता उचलली तर उजवी बाजू मोकळी पडते." भात संपेपर्यंत ती बिचारी आपल्या जागेवर उभी असे.

पन्नास-साठच्या त्या दशकात बेंगळूरच्या एका स्पर्धेला कोलंबोहून काही माणसं आली होती. तिथल्या बंदरावरच्या एका व्यापारी कंपनीचा संघ होता आणि त्याला मधल्या फळीत माणूस हवा होता. त्यांनी दाजींना विचारलं. वडिलांची चिकपेटेत कापडाची पेढी, त्यामुळे त्यांनी दाजींकडून सगळं नीट समजून घेतलं.

"कंपनीत काम काय?"

"काही नाही. खेळायचं."

"मग पगार कशाचा?"

"खेळायचाच."

वडील एवढंच म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. तासभर कापड उलगडायला लावून गिऱ्हाईक काही न घेता उठलं, की ते ज्या सुरात "सरी" म्हणत, तोच सूर.

इथं घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळायची सवय, तिथं बूट सक्तीचे. म्हणून दाजींनी बूट विकत आणले आणि सवय व्हावी म्हणून ते घालूनच ते घरात वावरू लागले. दाजींचं बिऱ्हाड माडीवर होतं. खालचे मास्तर दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी वर येऊन त्यांनी अतिशय अदबीनं अक्काला विचारलं, "घोडं वरती चढवलंत कसं?"

"आधी मी बघून येतो, मग तुला नेतो," असं अक्काला सांगून दाजी गेले. गल्लीत अक्काचा भाव एकदम वाढला. नवरा फॉरेनला असलेली ती पहिलीच. पण वर्ष उलटून गेलं तरी "मग तुला नेतो" काही येईना. पत्रं यायची, त्यांत खुशालीची एक ओळ आणि पुढे कोण कुठे उभा होता ह्याचं वर्णन. अक्का ती पत्रं आईला वाचून दाखवताना हसायची, नंतर नंतर वाचून दाखवेनाशी झाली.

अशात आमच्या गल्लीतले मसाल्याचे एक व्यापारी कोलंबोहून परतले आणि आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "तुमचे जावई मजेत आहेत. एका बाईंच्या घरी राहतात. बाई समोर बसून त्यांना वाढतात." वडिलांनी पानाचा डबा मिटला. आईनं आत बघितलं. अक्का दारातच उभी होती. व्यापारी गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तम्मा, कचेरीतून रजा काढ. आपण त्यांना घेऊन यायचं."

परवान्यांची कटकट उरकून आम्ही निघालो. आधी आगगाडी, मग धनुष्कोडीहून बोट, मग पुन्हा आगगाडी. बोटीवर लोक ओकत होते, अक्का मात्र कठड्याला धरून ताठ उभी. भांडण कसं सुरू करायचं ह्याची ती मनात तयारी करत असावी.

पत्त्यावरच्या घराचं दार एका बाईंनी उघडलं. सत्तरी कधीच ओलांडलेली, पुढचे दात नाहीत, हातात काठी. बेंगळुरात ऐकून आम्हालाही कळणाऱ्या तमिळमध्ये त्यांनी विचारलं, "कोण तू?"

"त्यांची बायको," अक्का म्हणाली.

बाईंनी तिला खालपासून वर न्याहाळलं. "मग इतके दिवस कुठे होतीस? माझ्या परसातला एक नारळ ह्या माणसानं धड ठेवलेला नाही. मी समोर बसल्याशिवाय जेवत नाही. भात थंड होईपर्यंत त्याकडे बघत बसतो."

अक्काला हसू फुटलं. हसता हसता ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली. मलाही इतकं हलकं वाटलं, की हातातली ट्रंक खाली ठेवायचं भानच राहिलं नाही. तेवढ्यात दाजी बाहेर आले. वर्षभरानं बायको दिसलेला हा माणूस म्हणाला, "तू? आज मॅच आहे."

"बोलावलं का नाहीत मला?" अक्कानं विचारलं.

दाजी खाली बघू लागले. "संघात जागा पक्की होत नव्हती. एकदा खेळवतात, एकदा बसवतात. तुला इतक्या लांबून बोलवायचं आणि तू आलीस की मी बाकावर बसलेला. ते मला नको होतं."

"आज?"

"आज खेळतोय."

नवऱ्याचा खेळ अक्कानं कधी पाहिलाच नव्हता. आमच्याकडच्या बायका मैदानावर जात नसत. प्रेक्षकांत बसल्यावर प्रथम तिनं मान खाली घातली. "अगोबाई, एवढ्या लोकांत चड्डीवर," ती पुटपुटली. पण हळूहळू मान वर आली. चेंडू कुठेही असो, तिची नजर दाजींवर. एका धिप्पाड गड्यानं त्यांना आडवं केलं तेव्हा ती ताडकन उभी राहिली. दाजी उठले, आणि पाडणाराही घसरला होता त्याला हात देऊन त्यांनीच उठवलं. शेवटी त्यांनी दोघांच्या मधून असा काही चेंडू पुढे सोडला, की पुढच्या पोरानं नुसता पाय लावला आणि गोल झाला. सगळं मैदान त्या पोराच्या नावानं ओरडलं. आमच्या मागच्या बाकावरचा एक म्हातारा मात्र "बेंगळूर, बेंगळूर" म्हणत टाळ्या वाजवत होता. तिथं दाजींना त्याच नावानं ओळखत. अक्कानं मागे वळून त्या म्हाताऱ्याला नमस्कार केला.

मॅच संपल्यावर दाजी घामानं निथळत आमच्यापाशी आले.

"चेंडू मिळाला की लगेच देऊन का टाकता हो?" अक्कानं विचारलं. "थोडा वेळ आपल्याजवळ ठेवावा."

"ठेवला तर कुणीतरी येऊन काढून घेतं," दाजी म्हणाले.

अक्का माझ्याकडे वळली. म्हणाली, "तम्मा, तू जा. मी राहते."

बेंगळूरच्या स्टेशनवर वडील घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या मागे डब्यात डोकावून बघितलं. "एकाला आणायला दोघं गेलात, आणि तू एकटाच आलास?" मी त्या बाईंचं वय सांगितलं, नारळांची गोष्ट सांगितली. वडील फलाटावरच्या बाकावर बसले आणि पोट धरून हसले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. घरी जाताना आईसाठी त्यांनी मल्लिगेचा गजरा घेतला.

पुढे बरीच वर्षं ती दोघं कोलंबोत राहिली. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा दाजी स्वतःच थांबले आणि साठ सालानंतर कधीतरी बेंगळूरला परतले. जुन्या कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये घेतलं. इथं आता त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मैदानावर नवी पोरं आली होती. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का. ते म्हणाले, "छे. सुटलो. आता जेवताना जेवणच दिसतं."

पण अक्का वेगळं सांगते. रविवारी दुपारी जेवून चटईवर आडवे झाले, की डोळा लागताच त्यांचा उजवा पाय हलू लागतो. आधी हळू, मग एकदम झटका. ती शेजारी तांदूळ निवडत बसलेली असते. सूप जरा लांब सरकवून घेते, आणि त्यांना उठवत नाही.