लेकरांना अहो म्हणणाऱ्या मॅडम

आमच्या घरात पोरगी नीट चालायला लागली की तिच्या कडेवर दुसरं लेकरू यायचं. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला निघाले की मला शाळेतून काढून सोबत न्यायचे. ते उसाच्या फडात, मी पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, धाकट्या बहिणीला, सुरेखाला सांभाळत. उन्हाळ्यात गावी यावं तर वर्गातल्या पोरी पुढं गेलेल्या. तरी पडत-धडपडत बारावी झाले आणि रोज एसटीनं बीडच्या कॉलेजात जाऊ लागले. घरातली पहिलीच.

मायनर विषय घेतला बालविकास आणि कुटुंब. वाटलं, जन्मभर हेच केलंय, पास तर होऊ! दादा हसले, "लेकरं सांभाळायचं कालेजात शिकवत्यात व्हय? मंग तुझ्या आईला प्रोफेसर करा म्हणावं."

शिकवायला मॅडम होत्या. कुठंही लेकरू दिसलं की त्या साडीची पर्वा न करता खाली बसायच्या. एसटी स्टँडवरसुद्धा. आणि वर्षाच्या लेकराशी अहो-जाहो! "काय म्हणता? दात आले का तुम्हाला?" आया तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही विचारलं तर म्हणाल्या, "नव्या माणसाला अहोच म्हणतो ना आपण? यांच्याहून नवं कोण आहे इथं?"

एकदा त्यांनी एखाद्या लेकराचा खेळ बघून यायला सांगितलं. मी थोरल्या भावाच्या अडीच वर्षांच्या बाळूला बघून आले आणि वर्गात सांगितलं, "घरी खेळणी नाहीत, त्यामुळं तो खेळत नाही."

"मग दिवसभर करतो काय?"

"काही नाही. तुराटीच्या काडीला दोरी बांधून ओढत फिरतो. तिला चल सर्ज्या म्हणतो."

वर्ग हसला. मॅडम मात्र उठून उभ्याच राहिल्या. "अगं, बैल हाकतोय तो! आणखी कुठला खेळ पाहिजे तुला?"

त्याच वर्षी ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी दादांनी ठरवलं, बाळूला सांभाळायला सुरेखाला न्यायचं. ती नववीत होती. मी मॅडमना सांगितलं. रविवारी त्या चौसाळ्याला उतरून आमच्या वस्तीवर चालत आल्या. दादा भाषण ऐकायच्या तयारीनं बसले होते. मॅडम बसल्या बाळूपुढं. "अहो, तुमचा बैल विकता का?" बाळूनं तुराटी पाठीमागं लपवली. दादांनाही हसू आलं. मग मॅडम त्यांना म्हणाल्या, "मी काय सांगणार? तुमची लेक शिकलीय. तिला विचारा." आणि चहा प्यायला लागल्या.

दादांपुढं मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "दादा, बाळू आता दुधावर न्हाई. यंदापासून आत्या तोडीला जात न्हाई, घरीच हाय. सकाळी अंगणवाडी, दुपारी आत्या, संध्याकाळी आमी दोघी. माझी सालं गेली तशी सुरेखाची जाऊ देणार न्हाई."

मग वहिनी, जी सासऱ्यापुढं मान वर करत नसे, ती म्हणाली, "मामा, ऱ्हाऊ द्या त्याला हितंच. मी ऱ्हाईन त्याच्याबिगर."

दादा म्हणाले, "लेकराला ताप आला तर तुझं कालेज ऱ्हाईल, बघ."

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

टोळी गेली, सुरेखा शाळेत गेली. वहिनी फडातून रोज फोन करायची आणि बाळू तिला आधी बैलाची खुशाली सांगायचा. ते बघून पुढच्या वर्षी शेजारच्या दोन घरांनीही आपली लेकरं आत्याच्या ओट्यावर ठेवली.

पुढं मॅडमची बदली झाली. आम्ही दोघी बहिणी स्टँडवर गेलो, तर त्या कुणाच्या तरी लेकराशी गप्पांत इतक्या रमलेल्या की गाडी चुकता चुकता राहिली. खिडकीतून म्हणाल्या, "घरात बोलत जा गं. वर्गात सगळेच बोलतात."

मी बी.ए. झाले. सुरेखा दहावी पास झाली. कोपीवर लेकरू सांभाळायला गेलेली आमच्या घरातली शेवटची पोरगी मी.