कवडीतलं जनावर

निजामी राज्याच्या अखेरच्या वर्षांत सोलापूरहून येताना तामलवाडीच्या अलीकडच्या निजामाच्या जकात नाक्यावरचा कारकून मला महिन्यातून दोनदा भेटे. तो माणसाच्या तोंडाकडं न बघता गाठोड्याकडं बघे, आणि बोलण्याआधी पेन्सिल जिभेला लावी.

एकदा आई सोबत होती. नवसाची, तुळजापूरला देवीला वाहायची कवड्यांची माळ तिच्या गळ्यात होती.

“हे काय? दगड का हाड?”

मला खोटं जमत नाही. “समुद्रातल्या गोगलगाईचं घर. किनाऱ्याला खडकाखाली राहते. रत्नागिरीला मी जिवंत पाहिलीय.”

“म्हंजे जनावर! जनावराला नगावर महसूल. मोजावं लागंल.”

“चाळीस हायत. माळंतच मोजा की,” आई म्हणाली.

त्यानं माळ ओढली आणि दोरा तोडला. कवड्या धुळीत पांगल्या. आई गुडघ्यांवर बसून वेचत होती, हा पेन्सिल ओली करून मोजत होता. आजही आठवलं की हात शिवशिवतात.

सदतीसच सापडल्या.

“तीन चालत गेल्या असतील,” तो म्हणाला. “जनावरंच ती.”

“खरं बोलायची लई हौस रं तुला,” आई मला म्हणाली.

निजामाच्या हाली नाण्यांतले पाच आणे मी त्याच्या तळहातावर ठेवले. महसूल त्यानं चाळिसांचा घेतला.