खडूच्या रेघेवरचं ऊन

वाशीमच्या स्टँडमागे काकांचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथं फ्लॅश नव्हता. पश्चिमेला एक खिडकी होती. तिच्यातलं ऊन फरशीवरच्या खडूच्या रेघेपर्यंत आल्याशिवाय काका कॅमेऱ्याला हात लावत नसत. अर्जाची मुदत संपत आलेले उमेदवार घड्याळ दाखवायचे. काका म्हणायचे, "ऊन काय सरकारी नोकर हाय? त्याच्या मनानं येईन. बस."

मी त्यांच्याकडे शिकायला होतो. गिऱ्हाइकाशेजारी पांढरी चादर ताणून उभं राहायचं, म्हणजे तिच्यावरून परतलेला उजेड चेहऱ्याच्या काळोख्या बाजूवर पडे, एवढीच माझी कला. एकदा काका नसताना मी टेबललँप लावून एका लग्नाळू मुलाचा फोटो उरकला. नाकाची सावली गालभर पसरली. मुलीकडच्यांचा निरोप आला, "पोराच्या गालाले काय झालं?" काका एवढंच म्हणाले, "तुले घाई कायची हाय बे?"

पुढे मी इमारतींचे फोटो काढू लागलो आणि मागच्या वर्षी चक्क जपानमधलं काम मिळालं. एका गावातलं नवं वाचनालय. उघडं काँक्रीट, छताला एकच फट. आर्किटेक्ट बाईंना त्या फटीतल्या उजेडाचा फोटो आपल्या इमारतींवरच्या पुस्तकासाठी हवा होता. दिवस एकच, फोटो आवडला तर त्यांच्या बाकीच्या इमारतीही मलाच मिळणार होत्या. आत गेलो तर एक कोपरा अंधारा. झालं! हॉटेलातली पांढरी चादर मागून आणली, दोन खुर्च्यांवर ताणली आणि कोपरा उजळून टाकला.

बाई आल्या. त्यांनी चादर काढली, टोकाला टोक जुळवून घडी घातली, दोन्ही हातांनी मला परत दिली आणि कमरेत वाकल्या. इतका सभ्य अपमान आमच्या अख्ख्या जिल्ह्यात माझा कुणी केलेला नाही. तो अंधार त्यांनी मुद्दाम बांधला होता.

मग चादर मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो आणि मनातल्या मनात एक रेघ ओढली. तीन तासांनी उन्हाचा पट्टा भिंतीवरून उतरत उतरत त्या कोपऱ्याच्या कडेला येऊन टेकला. एकच फोटो काढला. बाईंनी तो पाहिला आणि पुढच्या इमारतीची तारीख सांगितली.

परतल्यावर फोटो घेऊन काकांकडे गेलो. शेजारच्या नव्या बांधकामानं खिडकी बुजली तेव्हापासून स्टुडिओ बंदच आहे. काकांनी फोटो दारातल्या उजेडात धरला. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, सगळी उत्तरं माझ्या जिभेवर तयार.

"किती वेळ बसला?"

"तीन तास."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी बुजलेल्या खिडकीकडे बोट केलं. "तिथं खिळा ठोक. अन् घाई नोको करू."