पाइप शोधणारा मिस्त्री

गाडीखाली तेल सांडलेलं दिसलं की ते आधी उकिडवे बसत. एक बोट त्या तेलात बुडवत, अंगठ्यावर चोळत, नाकाशी नेत आणि मग हात पँटच्या मागच्या बाजूला पुसत. त्यांच्या सगळ्या पँटींना तिथे एक कायमचा काळा डाग होता. एवढं झाल्याशिवाय ते बोलायचे नाहीत, आणि बोलले तरी फार नाही.

वारज्यात, आमच्या सोसायटीमागच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. त्यांच्या घरची जमीन रस्त्यात आणि इमारतींत गेली, उरलेल्या तुकड्यावर ही शेड. तुमच्याही भागात असा एखादा माणूस असेल, ज्याचं नाव कुणी विचारत नाही. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचो.

त्या दिवशी त्यांनी बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "पावर स्टेरिंगचं हाय, ताई. पंपापासून खाली जाणारा पाइप गळतोय. त्याचं लोखंडी टोकच गंजून चिरलंय."

"मग बदला."

"बदलतो की. आणा."

आणायचा कुठून, हा प्रश्न होता. आमच्या गाडीची कंपनी देशातून गाशा गुंडाळून गेली होती. मी नाना पेठेत सुट्या भागांची चार दुकानं फिरले. पाचव्या दुकानातल्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, कंपनी गेली देश सोडून. तुम्हाला कळवायचं राहिलं वाटतं?"

मी परत आले, तेव्हा पाय नुसते भरून आले होते. शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं, पण असा शीण कधी आला नव्हता. नवऱ्याला अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत. आठवड्यातून तीनदा त्यांना शनिवार पेठेत व्यायामोपचाराला न्यायचं. सकाळची वेळ चुकली की डॉक्टर पुढचा पेशंट घेत. मी मिस्त्रींना म्हणाले, "काहीही करा, पण परवा मला गाडी हवी. तात्पुरतं काहीतरी करून द्या."

त्यांनी मान खाजवली. "जोड टिकंल का, सांगता येत न्हाई."

"परवापुरता टिकू दे."

त्यांनी चिरलेलं टोक कापून तिथे रबरी नळीचा तुकडा चढवला, दोन्हीकडून पट्ट्या आवळल्या. जाताना जोड टिकला. येताना दांडेकर पुलाच्या चढावर बॉनेटमधून पांढरा धूर आला आणि स्टिअरिंग दगडासारखं झालं. मागून बस भोंगा वाजवत होती. मी दोन्ही हातांनी चाक ओढत होते आणि गाडी वळत नव्हती. तेवढ्यात शेजारून नवऱ्याचा डावा हात त्यांच्या स्वतःच्या अंगावरून आडवा आला. त्या हाताने चाक धरलं आणि ओढलं. आम्ही दोघांनी मिळून ती गाडी कडेला लावली. ते घामाने भिजले होते. "झालं," एवढंच म्हणाले.

फोन केल्यावर मिस्त्री अर्ध्या तासात स्कूटरवर आले. बॉनेट उघडून पाहिलं आणि फूटपाथच्या कडेला बसले. मला वाटलं होतं, म्हणतील, तुम्हीच घाई केलीत. ते म्हणाले, "माझी चूक हाय. मला न्हाई म्हणायला पायजे हुतं."

त्यांनी रिक्षा थांबवली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला नीट पाहिलं असावं. रिक्षात चढवायला दोन माणसं लागली. एकाने काखेत हात घातला, एकाने पाय उचलले. नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते.

"ह्या गाडीत कसं बसतात मग?" मिस्त्रींनी हळूच विचारलं.

"स्वतःचे स्वतः. हिची सीट त्यांच्या बरोबर उंचीची आहे. दाराला धरून बसतात. कुणी हात लावलेला खपत नाही."

"आधी सांगायचं ना, ताई."

पुढचा आठवडाभर आम्ही रिक्षाने गेलो. दुसऱ्या आठवड्यात नवरा म्हणाला, "नको." मी खूप समजावलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मीही त्यांच्या शेजारी पडले. खरं सांगते, मलाही बरंच वाटलं, एक खेप वाचली म्हणून. अशा वाटण्याची पुढे फार लाज वाटते.

मिस्त्री मात्र शोधत होते. शेड बंद ठेवून जुन्या बाजारात जाऊन आले, भोसरीला जाऊन आले. तो चिरलेला पाइप वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवलेला असे. मी विचारलं की एकच उत्तर, "कुठंतरी आसंलच." एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "ताई, वाघोलीला हाय एक. मागनं ठोकलेली हाय, तोंड शाबूत हाय. येता का? दिवा धरायला माणूस लागंल."

नगर रस्त्यावर, भंगारात काढलेल्या गाड्यांच्या रांगांत आमच्याच जातीची एक गाडी उभी होती. मालक म्हणाला, पाइप एकटा देत नाही, सगळं इंजिन घ्या. मिस्त्री वाद घालायला उभेच राहिले नाहीत. चादर अंथरून सरळ गाडीखाली शिरले आणि आतून म्हणाले, "काढून तर बघू. निघाला तर बोलू."

नट गंजून धरले होते. जोर लावला तर पाइप वाकणार. ते तेल सोडायचे, थांबायचे, पाना लावून नखाएवढं फिरवायचे, पुन्हा थांबायचे. मी ओणवी होऊन बॅटरी धरली होती. उन्हाने डोकं दुखायला लागलं. एकदा बराच वेळ आतून काहीच हालचाल नाही.

"अहो मिस्त्री?"

"जागा हाय."

"झोपलात वाटलं."

आत पाना पुन्हा वाजला. "जरा लागला हुता डोळा," ते म्हणाले.

पाइप निघाला तेव्हा दोन तास होऊन गेले होते. त्यांची कोपरं सोलवटली होती. मालकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि इंजिनाची गोष्ट पुन्हा काढली नाही. दुसऱ्या दिवशी भोसरीत, जेसीबीच्या नळ्या करणाऱ्या दुकानात, त्या पाइपच्या लोखंडी टोकांमध्ये नवी रबरी नळी दाबून घेतली. बुधवारी गाडी दारात आली. मिस्त्रींनी पुढचं डावं दार उघडलं आणि स्वतः चार पावलं लांब जाऊन, पाठ करून उभे राहिले. मागे सीटचा आवाज आला तेव्हाच वळले.

तो पाइप अजून गळलेला नाही. मिस्त्री पुढच्या वर्षीच गेले. पावसाळ्याआधी मी सर्व्हिसिंगला गाडी घेऊन गेले, तर शेडला कुलूप होतं. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, आठ दिवस झाले, छातीत दुखतंय म्हणून घरी गेले ते गेलेच. पत्रे काढायला माणसं येणार होती.

घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "चल."

शेडसमोर गाडी थांबवली. ते उतरले, काठी टेकत कुलपापर्यंत गेले. काठी पत्र्याला टेकवून ठेवली. मग डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, छातीपर्यंत आणला, आणि त्याच्या मिटलेल्या बोटांवर डावा तळवा ठेवून उभे राहिले. मी गाडीतच बसून होते, इंजिन चालू ठेवून.