रेवाळ्यांचं बोटांचं माप

दुर्गा रेवाळे लग्न होऊन भाईंदरला आली तेव्हा सासऱ्यांच्या सायकल दुकानाशी तिचा संबंध फक्त डब्यापुरता होता. भाईंदर पश्चिमेच्या मार्केटकडून राई गावाच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला त्यांचा गाळा. दुपारी एकला दुर्गा डबा घेऊन जायची आणि सासरे दशरथराव जेवेपर्यंत स्टुलावर बसून राहायची. आता बसून राहणं हा प्रकार दुर्गाच्या स्वभावातच नाही. सातव्या की आठव्या दिवशी, सासरे ताटावर असताना, तिने एका शाळकरी सायकलीचं पंक्चर काढून टाकलं. दशरथरावांनी हात धुतले, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा येतो का ते पाहिलं. आला नाही. ते म्हणाले, "उद्या डबा जरा लवकर आण."

एवढंच बोलले, पण संगमेश्वराकडच्या रेवाळ्यांमध्ये हे फार मोठं कौतुक समजतात.

पुढच्या पाच वर्षांत दुर्गा ब्रेक शिकली, चेन शिकली, वाकडं चाक तारा आवळून सरळ करायला शिकली. नवरा जितेश स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला; त्याला सायकलीतलं काही म्हणजे काही कळत नाही आणि याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नाही. बायको दुकानात रमली म्हणून संध्याकाळचा कुकर तो लावू लागला. सगळं छान चाललं होतं. फक्त कुठल्या चाकावर किती रुंद टायर चढवायचा, हे मात्र दशरथराव स्वतःच ठरवायचे. ते काम त्यांनी सुनेच्या हाती कधी दिलं नाही.

लोकांना वाटतं, टायर उंचीला बसला की झालं. तसं नसतं. चाकाची जी लोखंडी नाहीतर अल्युमिनियमची रिम असते, तिच्या दोन कडांच्या मधल्या जागेला रेवाळे रिमचं पोट म्हणतात. टायर त्या पोटाच्या साधारण दीडपट ते दुप्पट रुंद हवा. अरुंद पोटावर मस्तवाल टायर चढवला तर दिसायला रुबाबदार दिसतो, पण वळणावर रिम एकीकडे आणि टायर दुसरीकडे. रुंद पोटावर बारीक टायर चढवला तर प्रत्येक खड्ड्यात रिमला दणका. आणि मीरा-भाईंदरमध्ये खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही.

रेवाळ्यांकडे यासाठी बोटांचं माप होतं. दशरथरावांच्या वडिलांपासून चालत आलेलं. रिमच्या पोटात करंगळी जेमतेम बसली तर बारीक टायर, मधलं बोट बसलं तर मधला, अंगठा बसला तर जाड. पट्टी नाही, कागद नाही. गिऱ्हाईक सायकल उभी करायचं, दशरथराव टायर काढून रिममध्ये बोट घालायचे आणि नंबर सांगायचे. गिऱ्हाईक खूश, कारण वैद्याने नाडी बघितल्यासारखं वाटायचं.

मग दशरथरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एकापाठोपाठ एक ऑपरेशन, दीड महिना धुळीपासून लांब. त्यातच मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस गाळा भाड्याने मागत होता, रोज फोन करत होता. दशरथरावांनी सुनेला समोर बसवलं.

"दीड महिना तू एकटीने चालव. बोटांचं माप तुला सांगितलंय. गिऱ्हाईक टिकलं तर दुकान तुझं. नाही टिकलं तर गाळा त्याला देऊन टाकतो. मग रुसायचं नाही."

दुर्गा "बरं" म्हणाली. ते दुकान तिला हवं होतं. लग्नात मिळालेलं मंगळसूत्र, चाळीतली खोली, शेजारणी, सगळं ठीक होतं. पण सकाळी शटर वर करताना जो आनंद तिला व्हायचा तो दुसऱ्या कशात होत नव्हता.

पहिल्या आठवड्यात तिने तीन सायकलींचे टायर बदलले. अगदी नियमाने, बोट घालून. दुसऱ्या आठवड्यात त्या तिघांतला इडलीवाला पिंटू आला. सायकलच्या मागे इडलीचा डबा, पुढे सांबाराची किटली, आणि चेहरा सांबारापेक्षा आंबट.

"भाभी, मोड पे गाडी डोलती है. आज सुबह सांबार सीधा शाह आंटी के पैर पे. ठंडा था, इसलिए बच गया."

दुर्गाने टायर तपासला. नवा, हवा बरोबर. हाताने दाबला तर डावीउजवीकडे लुळा पडत होता. माल खराब असेल म्हणून तिने त्याच नंबरचा दुसरा चढवला. दोन दिवसांनी पिंटू परत आला. या वेळी चटणी गेली होती. त्याच दिवशी गिरिजाबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, रोज सकाळी सायकलवर राईला जाऊन ताजी भाजी आणायच्या.

"दुर्गा, माझी सायकल पूर्वी मुकाट्याने चालायची. आता नाचते गं. या वयात मला नाच झेपत नाही."

तिसरी सायकल तर मालकाने आणलीच नाही. तो मार्केटात दुसऱ्या दुकानासमोर उभा असलेला दुर्गाला दिसला. तो दिसल्यावर तिला रडूच आलं. ती भाजी न घेता घरी आली.

दुपारी तीनला सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे असत. दशरथराव खाटेवर आडवे झाले. थेंब नीट डोळ्यात पडेना, गालावर ओघळला. त्यांनी वैतागून दुर्गाचा हात धरला आणि बाटलीवरच्या तिच्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून ती डोळ्यावर आणली. तिचा अंगठा त्याच्याखाली पूर्ण गायब झाला. दोन्ही कडांनी सासऱ्यांचा अंगठा बाहेर उरला होता.

दुर्गाने थेंब घातला, झाकण लावलं, बाटली खाली ठेवली. मग सासऱ्यांचा हात उचलून स्वतःच्या हाताशेजारी धरला. करंगळी, मधलं बोट, अंगठा. सासऱ्यांचं मधलं बोट म्हणजे जाडीला हुबेहूब तिचा अंगठा. म्हणजे ज्या रिममध्ये तिचा अंगठा बसत होता, तिथे त्यांचं मधलं बोटच बसलं असतं. तिन्ही सायकलींवर तिने एकेक नंबर जास्तीचा जाड टायर चढवला होता, अगदी नियमाने.

आता प्रश्न होता सांगायचा. गप्प राहून टायर बदलता आले असते. पण सासऱ्यांचा हात अजून तिच्याच हातात होता आणि ते विचारत होते, "काय गं, काय मोजतेस?"

तिने सगळं सांगून टाकलं. पिंटूचं सांबार, शाह आंटींचा पाय, चटणी, गिरिजाबाईंचा नाच, मार्केटातला तिसरा माणूस. "तीन गिऱ्हाइकं बिघडवली मी, बाबा. गाळा द्यायचा तर द्या."

खाट हलायला लागली. दशरथराव हसत होते. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, तरी थांबेनात.

"माझा बाप," ते म्हणाले, "मिठागरात काम केलेला माणूस. त्याचा अंगठा म्हणजे रताळं. मी दुकानात बसलो त्या पहिल्या वर्षी मीपण सगळे टायर जाड चढवले. बापाने सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. चूक काय झाली ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही नाही. ते आज कळतंय."

"मग एवढी वर्षं बरोबर कसं काय बसवलंत?"

"नजरेने. बघून बघून अंदाज आला. बोट आपलं घालायचं म्हणून घालायचो."

"मग मला नजरेचं सांगायचं ना."

"मला कुठे माहीत होतं," दशरथराव म्हणाले. "मला वाटायचं, बोटच सांगतंय."

संध्याकाळी जितेश कारखान्यातून आला तो स्टीलची पट्टी घेऊनच; बायकोने फोनवर तसा हुकूम सोडला होता. तिघांनी मिळून दशरथरावांची बोटं मोजली. करंगळी सोळा मिलिमीटर, मधलं बोट एकोणीस, अंगठा चोवीस. दुर्गाने ते आकडे आणि त्यापुढे, बोटाच्या नियमाने नव्हे तर दशरथरावांच्या नजरेच्या अंदाजाने, चालतील ते टायर एका पुठ्ठ्यावर लिहिले. दशरथरावांनी डोळे मिटून एकेक ओळ ऐकली, दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि बाकीच्याला मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तिने पिंटूला आणि गिरिजाबाईंना बोलावून टायर बदलून दिले. तिसऱ्या माणसाच्या घरी ती स्वतः गेली, माझं चुकलं म्हणाली, आणि त्याच्या अंगणातच चाक उतरवलं. पिंटूने किटली काठोकाठ भरून मार्केटचं वळण घेतलं, एकदा नव्हे, चार वेळा, बघे जमेपर्यंत. थेंब सांडला नाही. नंतर दिसेल त्याला तो ही गोष्ट सांगत सुटला, आणि दुर्गाकडे आपली रिम मोजून घ्यायला अशीही माणसं येऊ लागली ज्यांच्या सायकलीला काहीही झालेलं नव्हतं.

दीड महिना संपला. दशरथराव काळा चष्मा लावून दुकानात आले, येऊन गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले. थोड्याच वेळात एक जुना माणूस सायकल घेऊन आला.

"काका, बरं झालं आलात. टायर बघा जरा."

दशरथरावांनी चाकाकडे पाहिलं. नव्या डोळ्यांना सगळं लख्ख दिसत होतं, आकडा ओठांवर आलाही असेल. त्यांनी तो तिथेच ठेवला. दुर्गाने टायर उतरवला, पट्टी लावली आणि नंबर सांगितला. माणसाने खात्रीसाठी काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? ती सांगेल तो," दशरथराव म्हणाले.

माणूस गेल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढून सुनेपुढे धरला. "त्या कव्हरवाल्याला लाव. सांग, गाळा मिळणार नाही."

"तुम्ही नाही म्हणालात असं सांगू?"

"मी कोण नाही म्हणणारा? तूच सांग, 'दुकान माझं आहे आणि मला ते द्यायचं नाही.'"

दुर्गाने फोन लावला. पलीकडून दोनदा "हॅलो" आलं तोवर ती दुसऱ्या हाताचं ग्रीस फडक्याला पुसत होती. दशरथराव चष्म्याआडून रस्त्याकडे बघत बसले होते. तिसऱ्या "हॅलो"ला ती म्हणाली, "मी दुर्गा रेवाळे बोलतेय. दुकान माझं आहे."